शब्दाच्या आतील टिंब : इंग्रजी कोशांतील सिलॅबल-विभागणी आणि व्याख्या यांची चिकित्सा

प्रस्तावना

भोपाळमधील सामुदायिक महाविद्यालयात इंग्रजी शिकण्यासाठी येणारा विद्यार्थी भाषेच्या बाबतीत रिकाम्या हाताने येत नाही. कोणाच्या घरात उर्दू, कोणाच्या घरात हिंदी, कोणाच्या घरात मराठी बोलली जाते. अनेकांनी लहानपणी मकतबात अरबी हिज्जे गिरवलेले असतात, तर अनेकांनी नागरी बाराखडी पाठ केलेली असते. अशा विद्यार्थ्याला इंग्रजी शब्द अडला की अध्यापक त्याला 'कोश पाहा' असे सांगतात. सल्ला योग्यच आहे. परंतु कोश कसा पाहावा, त्यातील खुणा कोणत्या हेतूने छापलेल्या असतात, हे सांगण्यासाठी वर्गात क्वचितच वेळ दिला जातो.

प्रस्तुत लेखात इंग्रजी कोशांच्या दोन अंगांचा विचार केला आहे. पहिले अंग म्हणजे शब्दाची सिलॅबलमध्ये केलेली विभागणी आणि दुसरे म्हणजे शब्दाची व्याख्या. वरवर पाहता या दोन गोष्टींचा परस्परसंबंध दिसत नाही. प्रत्यक्षात दोन्ही ठिकाणी कोशकार एकच काम करीत असतो : तो सीमा आखत असतो. एकदा शब्दाच्या आत, एकदा अर्थाच्या भोवती. ही सीमा कोणत्या वाचकासाठी आखली आहे, हे न पाहता ती वर्गात वापरली तर कोश मदत करण्याऐवजी दिशाभूल करतो.

परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. मराठी भाषाविज्ञानात सिलॅबलसाठी 'अक्षर' ही संज्ञा रूढ आहे. परंतु सामान्य व्यवहारात 'अक्षर' म्हणजे लिहिलेले चिन्ह असाच अर्थ घेतला जातो. या दोन अर्थांतील गोंधळ हाच या लेखाचा एक विषय असल्यामुळे येथे 'सिलॅबल' हाच शब्द ठेवला आहे.

शीर्षशब्दातील टिंब कशासाठी?

अमेरिकन कोशात शीर्षशब्दाच्या मध्ये छोटी टिंबे दिलेली असतात. ही टिंबे म्हणजे उच्चारातील सिलॅबल, असे बहुतेक अध्यापक गृहीत धरतात. मेरियम-वेबस्टरच्या 'कॉलेजिएट' कोशाबाबत हे गृहीतक चुकीचे आहे. तेथे टिंब इतकेच सांगते की, ओळीच्या शेवटी जागा संपली तर शब्द कोठे तोडावा. ओळीच्या अखेरीस एकच अक्षर लोंबत ठेवू नये आणि पुढील ओळीवर एकटे अक्षर टाकू नये, असा छापखान्याचा संकेत आहे. म्हणून 'अगेन' या शब्दात दोन सिलॅबल असूनही या कोशात त्याच्या शीर्षशब्दात टिंब नाही. 'आयडिया' या शब्दात तीन सिलॅबल आहेत, तरीही तो अखंड छापला जातो. याउलट 'अमेरिकन हेरिटेज' कोश टिंबांनी सिलॅबलच दाखवतो. त्यामुळे तेथे 'अगेन'चे दोन आणि 'आयडिया'चे तीन तुकडे दिसतात. दोन्ही कोश प्रतिष्ठित आहेत. या शब्दांच्या उच्चारातील सिलॅबल-संख्येविषयी त्यांच्यात मतभेद नाही. टिंब कशासाठी, याविषयी त्यांची धोरणे वेगळी आहेत.

'व्हेजिटेबल' या शब्दात ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. मेरियम-वेबस्टरच्या शीर्षशब्दात या शब्दाचे चार तुकडे दिसतात, पण त्याच नोंदीत प्रथम दिलेला उच्चार तीन सिलॅबलचा आहे. भाजीबाजारातील फलक वाचणाऱ्या विद्यार्थ्याने चार सिलॅबल मोजून 'व्हे-जि-टे-बल' असा ठासून उच्चार केला, तर त्याने कोशाची आज्ञा पाळली असे त्याला वाटेल. वस्तुतः त्याने छपाईची सूचना तोंडाने उच्चारलेली असते.

ब्रिटिश परंपरा आणखी वेगळी आहे. तेथे ओळ तोडताना शब्दाच्या घडणीला महत्त्व दिले जात असे. 'नॉलेज' हा शब्द ब्रिटिश पद्धतीने 'नो' म्हणजे जाणणे या क्रियापदानंतर, अर्थात डब्ल्यू या वर्णानंतर तुटतो. अमेरिकन पद्धतीने तो उच्चार पाहून एल या वर्णानंतर तुटतो. 'फोटोग्राफर' हा शब्द घडणीनुसार 'फोटो' या घटकानंतर तोडता येतो, पण उच्चारानुसार 'टॉग' हा तुकडा एकत्र ठेवावा लागतो. एक पद्धत शब्दाची वंशावळ सांगते, दुसरी त्याचा आवाज.

विभागणीचा इतिहास : वर्गातून छापखान्याकडे

हे टिंब मुळात छापखान्यात जन्माला आले नाही, हे येथे नोंदवले पाहिजे. अठराव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत मुलांना वाचन शिकवण्यासाठी थॉमस डिलवर्थ याचे स्पेलिंग-पुस्तक सर्वत्र वापरले जाई. त्यातील विभागणी यांत्रिक होती. 'क्लस्टर' हा शब्द एसच्या अगोदर तोडला जाई, त्यामुळे पहिला तुकडा 'क्लू' असा वाचला जाण्याची भीती असे. नोआ वेबस्टरने १७८३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या स्पेलिंग-पुस्तकात हा क्रम बदलला. एस हा वर्ण पहिल्या तुकड्यात ठेवला की मूल आपोआप ऱ्हस्व स्वर उच्चारते, हे त्याने ओळखले. 'नेशन'सारख्या शब्दांतील शेवटचा तुकडा दोन सिलॅबलांत न फोडता एकच मानावा, असाही त्याचा आग्रह होता. पुढे १८२८ साली त्याचा सुमारे ७०,००० शब्दांचा कोश प्रसिद्ध झाला.

म्हणजे विभागणीची ही पद्धत एका शिक्षकाने वर्गातील अडचण सोडवण्यासाठी सुधारली होती. स्वतंत्र उच्चारलेखनाची सोय झाल्यावर शीर्षशब्दातील टिंबाचे ते काम संपले आणि ते छपाईच्या सेवेत गेले. खूण तीच राहिली, तिचा वाचक बदलला. भोपाळच्या वर्गात मात्र ती आजही जुन्या कामासाठी वापरली जाते. चुकीचे मूळ येथे आहे.

भाषाशास्त्रज्ञांतही एकमत नाही

शीर्षशब्दाऐवजी उच्चाराच्या रकान्यातील तुकडे पाहिले तर वाद मिटेल, असे कोणी म्हणेल. तेही पूर्णपणे खरे नाही. 'फोटोग्राफी' या शब्दाच्या उच्चारात जी हा वर्ण 'अमेरिकन हेरिटेज' मागील तुकड्याला जोडतो, तर मेरियम-वेबस्टर पुढील तुकड्याला. विशेष म्हणजे मेरियम-वेबस्टरच्याच शीर्षशब्दात तो मागील तुकड्यात आहे. एकाच नोंदीत, दोन बोटांच्या अंतरावर, एकच व्यंजन दोन घरांत राहते.

ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञ जॉन वेल्स यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या 'लाँगमन' उच्चारकोशात व्यंजने शक्यतो शेजारच्या अधिक आघातयुक्त सिलॅबलला जोडली आहेत. डॅनिएल जोन्स यांनी १९१७ साली सुरू केलेल्या उच्चारकोशाच्या अलीकडील आवृत्त्यांत व्यंजने शक्यतो पुढील सिलॅबलच्या आरंभी ठेवण्याकडे कल आहे. वेल्स यांनी 'सेल्फिश' आणि 'शेलफिश' या जोडीचा दाखला दिला आहे. दोन्ही शब्दांत एल आणि एफ शेजारी येतात, पण पहिल्यात 'सेल्फ' हा घटक पूर्ण आहे आणि दुसऱ्यात 'शेल' व 'फिश' असे दोन घटक आहेत. कानालाही हा फरक सूक्ष्मपणे जाणवतो. त्यामुळे केवळ व्यंजने मोजून सीमा ठरवता येत नाही.

यातून अध्यापकाच्या दृष्टीने एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. सिलॅबलची संख्या बहुतेक शब्दांत निश्चित असते. 'फायर'सारखे थोडे शब्द वादग्रस्त आहेत. कोणत्या सिलॅबलवर आघात आहे हेही निश्चित असते. अनिश्चित असते ती दोन सिलॅबलांमधील सीमा. असे असताना परीक्षेत 'पुढील शब्दांची सिलॅबलमध्ये विभागणी करा' हा प्रश्न विचारला जातो, म्हणजे जे सर्वांत अनिश्चित आहे त्यावरच गुण दिले जातात. आदर्श उत्तर एका कोशातून तयार केलेले असेल आणि विद्यार्थ्याने दुसरा कोश वापरला असेल, तर बरोबर उत्तर चूक ठरते. ज्या विद्यार्थ्याला आधीच इंग्रजीचे भय आहे, त्याला यातून एवढाच धडा मिळतो की ही भाषा आपल्या आवाक्याबाहेरची आहे.

अक्षर, हिज्जे आणि सिलॅबल

विद्यार्थी इंग्रजी शब्द तोडतो तेव्हा तो आपल्या लिपीने शिकवलेल्या सवयीने तोडतो. नागरी लिपी शिकलेला विद्यार्थी 'कॉम्प्युटर' हा शब्द कॉ, म्प्यु, ट, र असा चार अक्षरांत लिहितो आणि सिलॅबल चार असे सांगतो. उच्चारात मात्र 'कॉम्-प्यु-टर' अशी तीनच आहेत. 'टेबल' लिहिताना अक्षरे तीन, सिलॅबल दोन. चूक कानाची नाही, डोळ्याची आहे. कारण तोच विद्यार्थी 'घर' हा शब्द दोन अक्षरांत लिहूनही एकाच झटक्यात उच्चारतो.

मराठी अध्यापकाजवळ यावर घरचाच उपाय आहे. वृत्तविचारात संयुक्ताक्षराच्या आधीचे अक्षर गुरू मानतात. 'पत्ता' या शब्दात 'प' गुरू का होतो? कारण 'त्त'मधील पहिला त् मागे जाऊन 'पत्' असा बंद तुकडा तयार होतो. लिहिताना प-त्ता, उच्चारताना पत्-ता. लघु-गुरूचा हा नियम ज्याने शाळेत शिकला आहे, त्याला सिलॅबल ही कल्पना परकी नाही. फक्त तिचे इंग्रजी नाव नवे आहे.

उर्दू हिज्ज्यांची परंपरा वेगळ्या बाजूने मदत करते. 'टेबल'चे हिज्जे करताना बेवर जबर देऊन आणि त्याला साकिन लाम जोडून 'बल' असा एकच तुकडा सांगितला जातो. स्वरयुक्त वर्ण आणि त्यामागून येणारा साकिन म्हणजे स्वरहीन वर्ण यांची जोडी एकत्र उच्चारण्याची सवय हिज्ज्यांत पहिल्या दिवसापासून लागते. त्यामुळे बंद सिलॅबल ओळखण्यात उर्दू माध्यमातून आलेला विद्यार्थी नागरीतून आलेल्या विद्यार्थ्याच्या पुढे असतो.

परंतु याच परंपरेत शब्दाच्या आरंभी साकिन वर्ण येऊ शकत नाही. म्हणून 'स्कूल' आणि 'स्टेशन' हे शब्द उर्दूत अलिफने सुरू होतात. उच्चार 'इस्कूल', 'इस्टेशन'. एका सिलॅबलच्या शब्दाची दोन सिलॅबल होतात. 'ग्लास'चा 'गिलास' होतो तो व्यंजनांच्या मध्ये स्वर घालून, तर 'फिल्म'चा 'फिलम' होतो तो शब्दाच्या अखेरच्या जोडाक्षरामुळे. मराठीत 'स्नान', 'स्त्री', 'प्राण' असे शब्द नित्याचे असल्याने मराठी विद्यार्थ्याला आरंभीचे जोडाक्षर अडत नाही.

'इस्कूल' म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मुलाखतीत किंवा वर्गात हसले जाते. हे हसणे अज्ञानाचे आहे. 'स्कूल' हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याच शब्दापुढे स्पॅनिश भाषेने स्वर जोडून 'एस्कुएला' केले आणि फ्रेंचनेही तसेच करून पुढे एस गाळला, म्हणून तेथे 'एकोल' झाले. माद्रिद आणि पॅरिस येथे जी गोष्ट भाषेचा नियम मानली जाते, ती भोपाळमध्ये अशिक्षितपणाची खूण कशी ठरेल? अर्थात नोकरीच्या व्यवहारात प्रमाण उच्चार उपयोगी पडतो आणि तो शिकवलाच पाहिजे. पण तो 'तुझी चूक' म्हणून न शिकवता 'या भाषेचा नियम आपल्या भाषेपेक्षा वेगळा आहे' असे सांगून शिकवला, तर विद्यार्थी तोंड उघडण्यास कचरत नाही.

आघाताची उलटी खूण

मराठी व उर्दूत आघात बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही. इंग्रजीत 'रेकॉर्ड' हे नाम असेल तर आघात पहिल्या सिलॅबलवर आणि क्रियापद असेल तर दुसऱ्यावर पडतो. 'फोटोग्राफ'मध्ये पहिले, 'फोटोग्राफी'मध्ये दुसरे आणि 'फोटोग्राफिक'मध्ये तिसरे सिलॅबल ठळक होते; आघात हलला की बाकीचे स्वर क्षीण होतात. इंग्रजी ऐकणाऱ्याला शब्द ओळखण्यासाठी सीमारेषेपेक्षा ही गोष्ट अधिक उपयोगी पडते.

येथेही कोशांच्या संकेतांत एक धोका आहे. ऑक्सफर्डच्या विद्यार्थी-कोशांत आणि मेरियम-वेबस्टरच्या कॉलेजिएट कोशात आघाताची खूण ठळक सिलॅबलच्या आधी असते. 'अमेरिकन हेरिटेज'मध्ये ती ठळक सिलॅबलच्या नंतर असते. एका कोशाची सवय झालेला वाचक दुसरा कोश उघडतो तेव्हा तो नेमक्या चुकीच्या सिलॅबलवर जोर देतो. ग्रंथालयात दोन्ही कोश शेजारी ठेवलेले असतात, पण ही सूचना प्रास्ताविकाच्या बारीक छपाईत असते आणि प्रास्ताविक सहसा कोणी वाचत नाही.

व्याख्या : दोन परंपरांचा एकच निकष

आता अर्थाच्या सीमेकडे वळता येईल. व्याख्या चांगली केव्हा म्हणावी, याचे उत्तर न्यायशास्त्राने स्पष्ट दिले आहे. व्याख्येत अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव हे तीन दोष नसावेत. अरबी तर्कशास्त्राच्या परंपरेत व्याख्या 'जामे' आणि 'माने' असावी असे म्हटले जाते : जे आत यायला हवे ते सर्व तिने आत घ्यावे आणि जे बाहेर राहायला हवे ते सर्व अडवावे. जी व्याख्या जामे नाही तिच्यात अव्याप्ती आहे. जी माने नाही तिच्यात अतिव्याप्ती आहे. दोन परंपरांनी आपापल्या मार्गाने गाठलेला हा निकष कोशांना लावून पाहणे उद्बोधक ठरते.

अरबी विद्येत कोश आणि छंद यांचे नातेही जुने आहे. आठव्या शतकातील अल-खलील इब्न अहमद हा अरबी छंदशास्त्राचा संस्थापक मानला जातो आणि अरबीतील पहिला मोठा कोश 'किताबुल ऐन' हाही त्याच्याच नावावर आहे. शब्दांचा क्रम त्याने वर्णमालेप्रमाणे न लावता कंठातून निघणाऱ्या ध्वनींपासून ओठांपर्यंत लावला. शब्दाचा आवाज आणि शब्दाचा अर्थ ही दोन वेगळी खाती नाहीत, असे यातून दिसते.

भोपाळचा स्वतःचा वारसाही येथे स्मरणीय आहे. १८६८ ते १९०१ या काळात राज्य करणाऱ्या नवाब शाहजहाँ बेगम यांच्या नावाने 'खजीनतुल्लुगात' हा कोश भोपाळातच १८८०च्या दशकात छापला गेला. उर्दू, फारसी, अरबी, संस्कृत, तुर्की आणि इंग्रजी अशा सहा भाषांचा त्यात समावेश आहे. बेगमांचे पती नवाब सिद्दीक हसन खान यांनी अरबी कोशविद्येवर 'अल-बुलगा' हा ग्रंथ लिहिला. एका संस्थानी राजधानीत संस्कृत आणि इंग्रजी शब्द एकाच कोशात शेजारी आणले गेले, ही घटना शहराच्या शैक्षणिक इतिहासात अभिमानाने सांगावी अशी आहे.

तथापि, शब्दासमोर शब्द ठेवणाऱ्या कोणत्याही बहुभाषी कोशाची एक अंगभूत मर्यादा असते. तो प्रतिशब्द देतो, व्याख्या देत नाही. प्रतिशब्द ही व्याख्येची लहान आवृत्ती नव्हे. इंग्रजी 'कझिन' या शब्दापुढे 'चुलतभाऊ' लिहिले तर मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ आणि सर्व बहिणी बाहेर राहतात. ही अव्याप्ती झाली. उर्दूत 'चचाजाद' लिहिल्यानेही मामूजाद, खालाजाद व फुफीजाद सुटतात. 'काका किंवा मामा, आत्या किंवा मावशी यांचे अपत्य' असे सांगितले तर काम होते, कारण ती व्याख्या आहे. 'राइस'साठी हिंदी-उर्दूत 'चावल' हा एक शब्द शिजलेल्या आणि न शिजलेल्या दोन्हींना पुरतो. मराठीत 'तांदूळ' आणि 'भात' यांत निवड करावी लागते. एकाच वर्गातील दोन विद्यार्थ्यांना एकच इंग्रजी शब्द वेगवेगळ्या आकाराचा भासतो, तो असा.

व्याख्येची भाषा आणि ढाक्याचा धडा

इंग्रजी-इंग्रजी कोशात व्याख्या असते. पण ती कोणाला समजते हा प्रश्न उरतो. सॅम्युएल जॉन्सनने १७५५च्या आपल्या कोशात 'नेटवर्क' हा साधा शब्द त्याहून कितीतरी अवघड शब्दांत समजावला, हे उदाहरण प्रसिद्ध आहे. जॉन्सनचा वाचक भाषा जाणणारा होता. त्याला अचूकता हवी होती. शिकणाऱ्याला आधी वाट हवी असते.

ही अडचण पद्धतशीरपणे सोडवण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न लंडनमध्ये नव्हे, तर बंगालमधील अनुभवातून आकाराला आला. मायकेल वेस्ट हे ढाका येथील शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगाली विद्यार्थ्यांना इंग्रजी वाचन का जड जाते, याचा त्यांनी अभ्यास केला आणि १९२६ साली द्वैभाषिकतेवरील आपला अहवाल प्रसिद्ध केला. १९३५ साली जेम्स एंडिकॉट यांच्यासह त्यांनी काढलेल्या कोशात सुमारे २४,००० नोंदी केवळ १,४९० शब्दांच्या साहाय्याने समजावल्या होत्या. टोकियोत शिकवणारे ए. एस. हॉर्नबी यांच्या कोशाची कथाही अशीच आहे. तो प्रथम १९४२ साली जपानमध्ये छापला गेला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. १९७८ साली लाँगमनच्या कोशाने सुमारे २,००० शब्दांत व्याख्या देण्याचे तत्त्व स्वीकारले. १९८७ साली जॉन सिंक्लेअर यांच्या संपादनाखाली निघालेल्या 'कोबिल्ड' कोशाने व्याख्या पूर्ण वाक्यात दिली, म्हणजे शब्दाचा अर्थ आणि त्याचा वापर एकत्र समजू लागला.

या पद्धतींनाही मर्यादा आहेत. मोजक्या शब्दांत बसवताना व्याख्या कधी इतकी सैल होते की ती माने राहत नाही. पूर्ण वाक्यातील व्याख्या लांबते आणि तिचे व्याकरण पेलण्याइतकी तयारी विद्यार्थ्याची असावी लागते. तरीही शिकणाऱ्यासाठी लिहिलेल्या कोशाची ही परंपरा आशियातील वर्गांतून निघाली, ही बाब अध्यापकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

परका झालेला आपला शब्द

व्याख्येचा एक अधिक नाजूक प्रश्न 'मदरसा' या शब्दाच्या निमित्ताने उपस्थित होतो. अरबीत या शब्दाचा मूळ अर्थ अध्ययनाचे ठिकाण, म्हणजेच शाळा. सर सय्यद अहमद खान यांनी अलीगढ येथे १८७५ साली सुरू केलेल्या संस्थेच्या नावात 'मदरसतुल उलूम' हे शब्द होते आणि तेथे इंग्रजी व आधुनिक शास्त्रे शिकवली जात. इंग्रजीत मात्र हा शब्द धार्मिक शिक्षणाच्या संस्थेपुरता संकुचित झाला आहे आणि इंग्रजी कोश तसेच नोंदवतात.

यात कोशकाराला सरसकट दोष देता येणार नाही. इंग्रजी कोश इंग्रजीतील वापर नोंदवतो. अरबी किंवा उर्दूतील अर्थ सांगणे हे त्याचे काम नाही. पण विद्यार्थी ती व्याख्या आपल्या घरातील शब्दाची व्याख्या म्हणून वाचतो आणि आपलाच शब्द दुसऱ्याच्या चष्म्यातून पाहू लागतो. उसना घेतलेला शब्द नव्या घरात वेगळ्या अर्थाने राहतो, हे त्याला सांगणे हे अध्यापकाचे काम आहे. उलट दिशेनेही हेच घडते. इंग्रजी 'हॉटेल' हा शब्द आपल्याकडे चहा-नाश्त्याच्या दुकानालाही लागतो, याबद्दल कोणी इंग्रज तक्रार करीत नाही.

द्विभाषी कोशांचे मूल्यमापन

मराठीत मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) अर्थच्छटा उलगडून सांगण्यात आजही आदर्श मानला जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी नीलकंठ बाबाजी रानडे यांच्या इंग्रजी-मराठी कोशाने आपल्या नावातच उच्चाराचे आश्वासन दिले. उर्दूत मौलवी अब्दुल हक यांचा इंग्रजी-उर्दू कोश १९३७ साली अंजुमन तरक्की-ए-उर्दूने प्रसिद्ध केला. ही संस्था त्या काळी मराठवाड्यातील औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे होती. हिंदीत फादर कामिल बुल्के यांचा कोश १९६८ साली निघाला. या कोशात उच्चार नागरीत दिलेले असल्याने नवख्या विद्यार्थ्याला तो जवळचा वाटतो. परंतु नागरीत लिहिलेला कोणताही उच्चार वाचताना विद्यार्थी पुन्हा अक्षरे मोजण्याच्या सवयीकडे वळतो, आणि आघात त्याच्या हाती लागत नाही. लिपी ओळखीची झाली म्हणून ध्वनी ओळखीचा होत नाही.

मोबाइलवरील कोशात आता उच्चार ऐकता येतो. ही मोठी सोय आहे. पण कानाला काय ऐकायचे ते ठाऊक नसेल तर आवाज ऐकूनही विद्यार्थी डोळ्यांनी पाहिलेलेच टिंब उच्चारतो.

वर्गासाठी काही सूचना

१. सिलॅबलची सीमा विचारण्याऐवजी संख्या आणि आघाताची जागा विचारावी. टाळी वाजवून मोजण्याची साधी पद्धत पुरेशी आहे.

२. ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याचा नियम लेखनाच्या तासाला वेगळा शिकवावा. तो उच्चाराच्या तासाला आणू नये.

३. मराठी विद्यार्थ्यांना लघु-गुरूचा आणि उर्दू विद्यार्थ्यांना हिज्ज्यांचा आधार द्यावा. दोघांनी एकमेकांना शिकवल्यास एकाची उणीव दुसऱ्याच्या सवयीने भरून निघते.

४. प्रत्येक नव्या शब्दाचा प्रतिशब्द घेतल्यावर 'यात काय सुटले, काय जास्त आले?' हा प्रश्न विचारावा.

५. कोश विकत घेण्यापूर्वी त्याचे प्रास्ताविक वर्गात वाचावे. टिंब कशासाठी, आघाताची खूण आधी की नंतर, व्याख्येसाठी किती शब्द वापरले, ही तीन उत्तरे तेथे शोधावीत.

निष्कर्ष

इंग्रजी कोशातील टिंब आणि व्याख्या यांना निसर्गनियमासारखे मानण्याचे कारण नाही. त्या माणसांनी, विशिष्ट वाचकासाठी, विशिष्ट गरजेतून आखलेल्या सीमा आहेत. वेबस्टरने मुलांसाठी तुकडे बदलले. पुढे छापखान्याने ते आपल्यासाठी बदलले. वेस्ट यांनी ढाक्याच्या अनुभवातून व्याख्येची भाषा सोपी केली. ज्या ज्या वेळी कोश सुधारला, त्या त्या वेळी कोणीतरी समोरच्या विद्यार्थ्याकडे पाहिले होते.

भोपाळच्या वर्गात उर्दू, हिंदी आणि मराठी एका बाकावर बसतात. ही अडचण नसून साधन आहे. एवढे साधन लंडनच्या कोशकारापाशीही नव्हते. अध्यापकाने कोशाचा आदर जरूर करावा, पण तो उघडताना हा कोश कोणाला उद्देशून बोलत आहे, हे आधी विचारावे. विद्यार्थ्याच्या उत्तरावर लाल रेघ ओढण्यापूर्वी तर हा प्रश्न विचारलाच पाहिजे.